दादामामाची तबकडी आणि आमचा पाटा

आमच्या घरात एक उंची अॅम्प्लिफायर आहे. त्यावर मांजर झोपतं.

मांजराची तक्रार नाही. तक्रार असलीच तर माझी आहे, आणि ती ऐकून घ्यायला घरात कोणी तयार नाही. (मांजरसुद्धा नाही.)

झालं असं की, आमच्या आईकडे एक तबकडी आहे. एकच. तिचा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादामामा, लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. एकदा मुंबईला कुठल्याशा रेकॉर्डिंगला ऐन वेळी क्लॅरिनेटवाला आला नाही, म्हणून याला उभा केला. त्या गाण्याच्या मध्ये दादामामा मिनिटभर वाजलाय. तबकडीवर त्याचं नाव नाही, पण आईला नावाची गरजही नाही. दादामामा गेला, घरातला चावीचा फोनोही त्याच्यामागोमाग गेला, आणि तबकडी आईच्या ट्रंकेत पैठणीच्या घडीत जाऊन बसली. दसऱ्याला आई ती बाहेर काढते, कोयता, शिवणयंत्र आणि माझी स्कूटर यांच्या रांगेत मांडते, हळदकुंकू वाहते आणि परत ठेवून देते.

आईचा डावा कान केव्हाच निवृत्त झाला. गेल्या चैत्रात अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "उजव्याचाही फार भरवसा धरू नका." घरी येताना रिक्षात आई एवढंच म्हणाली, "उजवा आहे तोवर एकदा दादाला ऐकवा रे."

प्रश्न साधा होता. तबकडी वाजवणारं एक यंत्र आणायचं. पण साधा प्रश्न माझ्या हातात पडला की त्याचं काय होतं, हे आमच्या नागावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

माझा मेहुणा प्रकाश म्हसळ्याला मिक्सर-पंखे दुरुस्त करतो. तो म्हणाला, "भावोजी, हल्ली सूटकेससारखी पेटी मिळते. झाकण उघडलं की वाजतं. स्पीकर पोटातच."

"पोटात?" मी हसलो. (ज्ञानी माणसं हसतात तसं. आठवलं की अजून लाज वाटते.) "प्रकाश, स्पीकर आणि सुई एका पेटीत? अरे, स्पीकर हादरतो, त्याने सुई हादरते! तो आवाज नव्हे, डबा आहे डबा! प्रत्येक भाग वेगळाच हवा."

"असं म्हणता?" प्रकाश म्हणाला आणि गप्प बसला. प्रकाश गप्प बसला की मला आपण जिंकलो असं वाटतं. वीस वर्षं वाटतंय.

मग मी सहा महिने अभ्यास केला. व्हिडिओ पाहिले. जर्मन भाषेतलेसुद्धा पाहिले. टर्नटेबल वेगळं, प्रीअॅम्प वेगळा, अॅम्प्लिफायर वेगळा, स्पीकर दोन, आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या माझ्या मनगटाएवढ्या तारा. हे कुटुंब ओटीवर मांडलं, तेव्हा बायकोने, सुनंदाने, कमरेवर हात ठेवून पाहणी केली.

"हे सगळे वेगळे निघालेत?"

"हो. प्रत्येकाचं काम स्वतंत्र."

"आणि एकमेकांशिवाय चालतं का कुणाचं?"

"नाही."

"मग वेगळे निघाले कशाला?"

या प्रश्नाचं उत्तर जर्मन व्हिडिओतही नव्हतं.

मुंबईहून हा संसार मी बोटीने आणला होता. मांडव्याला उतरताना रिकाम्या टोपल्या घेतलेल्या एका मावशीने स्पीकरकडे बोट दाखवून विचारलं, "कंच्या मंडलाचा डीजे हाय यो?" मी तिला हाय-फाय समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं आणि शेजारणीला म्हणाली, "न्हाय गो, बिघडलेला हाय."

बाई द्रष्टी होती.

आता अडचण उरली हादऱ्यांची. आमच्या दारावरून पर्यटकांच्या गाड्या जातात, आणि गाडी गेली की ओटी थरथरते. टर्नटेबलाखाली जड दगड हवा, असं सर्व तज्ज्ञांचं एकमत होतं. घरात जड दगड एकच होता. तो मी उचलला, कंबर धरली, आणि टेबलावर ठेवून त्यावर टर्नटेबल स्थापन केलं.

"माझा पाटा!" स्वयंपाकघरातून हाक आली. "कोळंबीचं वाटण कशावर वाटू? तुमच्या डोक्यावर?"

"मिक्सर आहे ना."

सुनंदा बाहेर आली. हातात ओलं खोबरं होतं. "पंचवीस वर्षं कोण सांगतंय मला, मिक्सरच्या वाटणाला चव नसते म्हणून?"

"मीच."

"म्हणजे वाटणाला मिक्सर चालतो आणि गाण्याला चालत नाही! घ्या, मिक्सरचं जेवा आणि पाट्याचं ऐका!"

दसऱ्यापर्यंत मी मिक्सरचं जेवलो. तेही निमूटपणे, कारण दसऱ्याला पूजा करून दादामामाला वाजवायचं ठरलं होतं.

दसऱ्याच्या सकाळी ओटीवर सगळी जमली. आई नवी साडी नेसून, उजवा कान स्पीकरकडे करून खुर्चीत बसली होती. तबकडी तिच्या मांडीवर, दोन्ही हातांखाली. "पूजा होईपर्यंत नाही देणार," म्हणाली. प्रकाश आपट्याची पानं घेऊन आला. सोबत काखेत निळी सूटकेस.

"मुक्कामाला आलास?" मी विचारलं.

"नाही भावोजी. ती पेटी. असावी जवळ."

"आण, आण. प्रसादाला ठेवू," मी म्हणालो. आणि मग माझं व्याख्यान झालं. पाय आपटून चालू नका. शिंक आली तर अंगणात जा. दार ढकलू नका. हे यंत्र अतिशय नाजूक आहे. त्याला मुंगी चाललेलीसुद्धा कळते!

सुनंदाने टर्नटेबलला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं, आणि आमच्याच वाडीतला नारळ माझ्या हातात दिला. "वाढवा."

आता एक गोष्ट सांगायला हवी. दर दसऱ्याला आमच्याकडे नारळ मीच वाढवतो. कुठे? पाट्याच्या कोपऱ्यावर. वडीलही तिथेच वाढवायचे. त्यासाठी विचार करावा लागत नाही. हात आपोआप जातो.

गेला.

ठाण्ण!

सुईचा दांडा बेडकासारखा उडाला आणि उताणा पडला. झेंडू प्रकाशच्या डोक्यावर गेला. नारळ मात्र एका घावात दुभंगला (माझा हात या बाबतीत बसलेला आहे) आणि त्याचं पाणी, आमच्या वाडीच्या नारळांना पाणी भरपूर असतं, सरळ अॅम्प्लिफायरच्या जाळीतून आत गेलं. आतून 'फुस्स' असं झालं. नारळवडीचा वास सुटला. घरातली वीज गेली.

आम्ही सगळे पुतळे. त्या शांततेत डोळे मिटून बसलेली आई स्पीकरकडे आणखी थोडी झुकली. मग आणखी थोडी. वाट पाहिली. आणि हळूच म्हणाली,

"यंत्र सुरू झालं ना रे? मला त्याची घरघरसुद्धा नाही येत ऐकू... उजवाही गेला वाटतं."

तबकडीवरचे तिचे हात सैल झाले. माझ्या हातात नारळाच्या दोन वाट्या होत्या. त्या कुठे ठेवाव्यात, हेही मला सुचेना.

सुनंदा झटकन पुढे झाली आणि आईच्या कानाशी ओरडली, "नाही हो आई! अजून लावलंच नाही! तुमचे चिरंजीव नारळ वाढवतायत!"

"एवढा वेळ?" आई म्हणाली.

प्रकाशने मुख्य बटण वर करून वीज आणली, मोठ्या स्पीकरच्या मागे स्टूल ओढलं आणि त्यावर सूटकेस उघडली. माझ्यातला तज्ज्ञ शेवटचा आचका देत म्हणाला, "अरे, त्या पेटीच्या सुईने तबकडी खराब होईल!"

"जुन्या तबकड्यांची जाड सुई बसवलीय," प्रकाश म्हणाला. "आणि भावोजी, तुमच्या यंत्रावर अठ्ठ्याहत्तरचा वेग कुठाय?"

मी पाहिलं. बटणं दोनच होती. तेहतीस आणि पंचेचाळीस.

"आईंच्या तबकडीला अठ्ठ्याहत्तर लागतो. वर छापलंय की. गणपतीत आलो होतो ना, तेव्हा त्यांनी दाखवली मला."

सहा महिने! जर्मन व्हिडिओ! आणि त्या सहा महिन्यांत मी तबकडी एकदाही हातात घेऊन पाहिली नव्हती. म्हणजे नारळ फुटला नसता, तरी दादामामा माझ्या यंत्रावर जांभया देतच वाजला असता.

आईने तबकडी दिली आणि पेटी वाजली. आवाज डब्यातूनच येत होता, हे मी आजही सांगेन. आईने मोठ्या स्पीकरला कान टेकवला. खरखर झाली, गाणं झालं, आणि मग क्लॅरिनेट सुरू झालं. छान चाललेलं असताना मध्येच ते 'पीं' करून घसरलं.

"फसला!" आईने टाळी वाजवली. "फसला मेला! घरीसुद्धा तिथेच फसायचा!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसता हसता ते पाणी वेगळं झालं, पण तिने पुसलं नाही. तीनदा लावायला लावलं. तीनदा दादामामा फसला.

मग आईने माझा हात धरला, मोठ्या स्पीकरवरून मायेने बोटं फिरवली आणि म्हणाली, "काय सुरेख मशीन आणलंस रे! एवढे मोठे कर्णे, म्हणून दादा असा मोकळा वाजला."

मी प्रकाशकडे पाहिलं. प्रकाश गप्प बसला.

पाटा स्वयंपाकघरात परत गेला, मला माझं वाटण परत मिळालं. पेटी ओटीवरच राहिली, मोठ्या स्पीकरच्या मागे. दर रविवारी आई खुर्चीत येऊन बसते. मी मांजराला उठवतो आणि मेलेल्या अॅम्प्लिफायरची कळ गंभीरपणे फिरवतो. मागे सुनंदा पेटी सुरू करते. आई म्हणते, "थोडा मोठा कर रे." मी कळ आणखी फिरवतो, सुनंदा आवाज मोठा करते.

परवा मी तिला म्हटलं, "कंटाळा नाही येत तुला या नाटकाचा?"

"छे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून या घरात सगळं असंच तर चालतं."