बटण दोनदा दाबायचं

नवऱ्याची बदली जयपूरला झाली आणि मागोमाग बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, म्हणून त्यांना भुसावळहून इथे आणलं. तेव्हापासून आठ महिने मी रेल्वे क्वार्टरच्या दोन खोल्यांत अडकलेय. कॉलनीतल्या बायका कानोताच्या धरणावर सहलीला गेल्या, त्या दिवशी दार लावून घेतलं आणि चडफडत बसले.

बाबा जन्मभर गार्ड होते. स्टेशनातून गाडी जाताना हिरवा झेंडा दाखवायचा, ही सवय निवृत्तीनंतरही गेली नाही; शिटी ऐकली की रिकामा उजवा हात वर जायचाच. झटक्याने तोच लुळा पडला. मग एका सकाळी मागच्या रुळांवर शिटी वाजली आणि तो हात मांडीवरून चांगला वीतभर उचलला गेला. मी कणीक मळत होते. हात पुसले, फोनचं लॉक काढलं, कॅमेरा शोधला, तोवर गाडीही गेली आणि हातही खाली आला.

कुणाचा विश्वास बसेना. भाऊ फोनवर म्हणाला, "ताई, भास झाला असेल तुला." व्यायाम करून घ्यायला येणारे फिजिओथेरपिस्ट म्हणाले, "वीडियो दिखाइए ना." माझा नुसता संताप झाला. तो हात हलतो हे कुणीतरी मानायला हवं होतं. नाहीतर मी इथे उगाच झिजतेय, असंच ठरणार होतं.

मुलीने फोनची सेटिंग बदलून दिली. "मम्मी, बाजूचं बटन दोनदा दाब, बस, कॅमेरा चालू. मतलब, लॉक खोलायचंच नाही." मग काय, फोन कमरेला खोचूनच मी भाकऱ्या थापायला लागले.

तीन आठवड्यांनी पुन्हा शिटी वाजली आणि बाबांचा खांदा हलला. मी बटण दाबलं. घाईत दोनदा कुठलं, दाबतच सुटले. फोन बोंबलायला लागला! पाचदा दाबलं की मदतीसाठी पोलिसांना फोन लागतो, हे मुलीने सांगितलं नव्हतं. मदत मला हवीच होती, पण ही नव्हे. पडद्यावर उलटे आकडे पळत होते आणि मी ते बंद करायच्या खटपटीत. ते बंद करून मान वर केली तेव्हा गाडी निघून गेली होती.

बाबा घामाने निथळत होते. हात मांडीवर उताणा पडला होता.

"खांद्या... पर्यंत," ते कष्टाने म्हणाले. "पाहिलंस ना?"

"हो बाबा, पाहिलं," मी म्हणाले, आणि फोन पालथा ठेवला.