कपाटामागची ओल

कपाट सरकवलं, तर मागची भिंत काळ्या बुरशीनं भरलेली. याच खोलीत आमची मुक्ता झोपायची आणि तिचा खोकला काही केल्या थांबत नव्हता. मी घाबरून कोरड्या ब्रशनंच भिंत घासायला लागले.

"अगं थांब, उडून सगळ्यांच्या छातीत जाईल!" नवरा ओरडला.

मुक्ताला माझ्या आईकडे पाठवलं. खिडक्या उघडून, मास्क-हातमोजे घालून आम्ही साबणाच्या पाण्यानं भिंत पुसली. डाग पुन्हा उगवले. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी भिंतीत मुरतंय. ते नुसतं "बघू" म्हणतात. ज्या भिंतींच्या भरवशावर लेकीला निजवायचं, त्यांतलीच एक तिचा श्वास अडवते.

"आई, घरी कधी येऊ?" मुक्ता फोनवर विचारते.

"भिंत वाळली की लगेच," मी म्हणते. हाताखाली भिंत गार, ओलीच असते.