वडाशी थांब

पंचवटीत बहिरू हवालदाराला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण होतं, आणि तो मुळात हवालदारच नव्हता हे ठाऊक असलेला माणूस तर एकच होता. तो म्हणजे खुद्द बहिरू. देवळ्याकडच्या कांद्याच्या वाफ्यातून उठून हा गडी चौदा सालच्या मोठ्या लढाईत पलटणीबरोबर बसऱ्याला गेला, इथवर सगळं खरं. पण तो बंदूक घेऊन गेला नव्हता. तो लंगरी होता, म्हणजे पलटणीचा आचारी. दीडशे शिपायांची डाळ शिजवता शिजवता त्याची लढाई संपली.

परत आला तेव्हा अंगात खाकी कोट होता आणि नाकाखाली झुपकेदार मिशी. गावच्या पारावर लोकांनी विचारलं, "किती मारले रं?" बहिरू म्हणाला, "मोजाया सवड कुठं व्हती?" दिवसभर चुलीपुढे उभ्या असलेल्या माणसाला सवड खरोखरच नसते, त्यामुळे हे काही खोटं नव्हतं. पण पारावरच्या लोकांनी त्या एका वाक्यावर त्याला हवालदार करून टाकलं. बहिरूनं नाही म्हटलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. पुढे तो पोटापाण्यासाठी पंचवटीत येऊन राहिला, तर हुद्दा त्याच्या आधी येऊन पोचला होता. बायको कुसाबाई आपोआप हवालदारीण झाली. गल्लीतल्या आडावर बायकांची कितीही झुंबड असो, हवालदारणीची घागर पहिली भरायची असा रिवाज पडला.

असं सतरा वर्षं निभावलं. मग पस्तीस साली नाशकातल्या एका उत्साही वकीलसाहेबांच्या डोक्यात कॅडेट पथक आलं. तरुणांना शिस्त लागावी, छाती रुंद व्हावी, पुढेमागे पलटणीत किंवा पोलिसात वाट मिळावी, असा त्यांचा शुद्ध हेतू. साठ पोरं नोंदली गेली. त्यांचा नायक म्हणून विणकराचा सलाउद्दीन निवडला, कारण त्याचा आवाज मागाच्या खडखडाटावर कमावलेला होता. उस्ताद कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. घरात हवालदार असताना गावभर कोण शोधणार?

बहिरूला घाम फुटला. कवायत त्यानं रोज पाहिली होती, पण धुरातून, आणि डाळ लागू नये म्हणून एक डोळा पातेल्यावर ठेवून. शिवाय वकीलसाहेबांनी हुकूम संस्कृतात बसवले होते. "वामपार्श्वे परिवर्तध्वम्" एवढं म्हणून होईपर्यंत शत्रू जेवून झोपला असता. पहिल्या दिवशी बहिरूची जीभ 'परि'वरच अडकली आणि पथक पाऊण तास ताटकळलं.

शेवटी त्याला आपलं गाव आठवलं. देवळ्याच्या शिवारात डावं-उजवं कोण म्हणतो? बैल वळवायचा तो विहिरीकडं किंवा बांधाकडं. माणूस बोलवायचा तो चिंचेकडं. पथकाचं मैदान गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, काठावर होतं. पोरं समोरच्या मोठ्या वडाकडे तोंड करून उभी राहिली की त्यांच्या डाव्या हाताला गंगा, उजव्या हाताला चामरलेण्यांचा डोंगर आणि पाठीशी तपोवन. बहिरूनं कोट झटकला आणि हुकूम सोडला, "गंगेकडं वळ!" साठ पोरं पटकन वळली. "डोंगराकडं वळ!" तिकडे वळली. "चल!" म्हटलं की चालायची, आणि "वडाशी थांब!" म्हटलं की बरोबर वडाशी जाऊन थांबायची. सहा महिन्यांत असं झालं की साठ टाचांचा एकच आवाज व्हायचा. वकीलसाहेब मान डोलवत म्हणाले, "ही खरी आपल्या मातीतली कवायत."

इथवर ठीक चाललं होतं. मग तपासणीचं पत्र आलं. पलटणीतले एक सुभेदारमेजर येणार होते. पथक पसंत पडलं तर बारा पोरांना देवळालीच्या छावणीत महिनाभर शिक्षण मिळायचं, खऱ्या बंदुका हातात यायच्या. आणि उस्तादाला दाखला. त्या दाखल्यावर त्याचं नाव, पलटण आणि हुद्दा लिहायचा होता.

बहिरू ताटावर बसला आणि भाकरी चिवडत राहिला. हुद्दा काय सांगायचा? खोटं सांगितलं तर पलटणीचा माणूस दोन प्रश्नांत पकडणार. खरं सांगितलं तर साठ पोरांपुढे सतरा वर्षांची अब्रू जाणार. कुसाबाईनं दोनदा विचारलं, "पोट दुखतंय का?" तो म्हणाला, "नाय." आणि भाकरी मोडून गाईला घातली.

तपासणीच्या आदल्या दिवशी आणखी एक भानगड झाली. गंगेकाठच्या मैदानात साधूंची पंगत बसायची ठरली, म्हणून वकीलसाहेबांनी तपासणी परस्पर त्र्यंबक रस्त्यावरच्या मोकळ्या माळावर हलवली. मैदान ते मैदान, त्यात काय एवढं, असा त्यांचा हिशोब.

सकाळी पथक माळावर उभं राहिलं. समोर मांडव, मांडवात खुर्च्या, खुर्च्यांपुढे गालिचा. सुभेदारमेजर साताऱ्याकडचे, रुंद हाडाचे, कमी बोलणारे. ते म्हणाले, "उस्ताद, पथक डाव्या अंगाला वळवा."

बहिरूनं छाती भरून हुकूम दिला, "गंगेकडं वळ!"

पथक जागचं हललं नाही.

हलणार कसं? नाशकाची पोरं ती. रोज बुडी मारतात ती गंगा कुठल्या दिशेला आहे हे त्यांना झोपेतसुद्धा ठाऊक. या माळावरून गंगा उत्तरेला होती, म्हणजे थेट मांडवाच्या पाठीमागे, आणि पोरं आधीच तिकडे तोंड करून उभी होती. हुकमाची तामिली हुकमाच्या आधीच झाली होती.

सुभेदारमेजरांनी भुवई उचलली. "बरं. उजव्या अंगाला वळवा."

"डोंगराकडं वळ!" बहिरूचा आवाज थोडा फाटला.

चामरलेण्यांचा डोंगरही गंगेच्या पलीकडे उत्तरेलाच. पथक ढिम्म. डावं आणि उजवं एकाच दिशेला आलं होतं आणि साठ पोरं अगदी शिस्तीत त्या दिशेला बघत होती. वकीलसाहेब रुमालानं मान पुसू लागले.

काहीतरी हललं पाहिजे म्हणून घाबऱ्याघुबऱ्या बहिरूनं "चल!" म्हटलं, तेव्हा मात्र पथक हललं. सरळ मांडवाकडे. पहिली रांग गालिच्यावर चढली. वकीलसाहेब हारासकट बाजूला उडाले. पोरांनी खुर्च्यांना धक्का लावला नाही, दोन बाजूंनी वाट काढली, मांडवामागे पुन्हा ओळ जुळवली आणि पुढे निघाली.

"थांबवा त्यांना," सुभेदारमेजर म्हणाले.

"वडाशी थांब!" बहिरू ओरडला. तोंडातून शब्द निघताच त्याला कळलं की माळावर वड नाही.

पोरांनाही ते दिसत होतं. पण हुकूम म्हणजे हुकूम. वड लागेपर्यंत चालायचं. पथक बाभळींतून गेलं, ओढा ओलांडून गेलं, पेरूच्या बागेतून गेलं आणि कुणी पेरूला हात लावला नाही. मागून टांग्यात सुभेदारमेजर आणि बहिरू. बहिरूला एवढंच वाटत होतं की वड सापडूच नये, पथक असंच हिमालयापर्यंत जावं आणि दाखल्याची वेळ येऊ नये.

सोमेश्वराच्या देवळाच्या अलीकडे गंगेच्या काठावर वड सापडला. साठ टाचा एकदम वाजल्या. दीड कोस चालून आलेली पोरं ओळीत ताठ उभी होती, घामानं निथळत होती, आणि ऊन डोक्यावर आलं होतं. शेवटच्या रांगेतला मंगळू उभ्या उभ्या हलू लागला. पोरांसाठी आणलेले मोतीचुराचे लाडू मांडवात राहिले होते.

त्या पोरांचे चेहरे पाहून बहिरू आपण हवालदार असल्याचं विसरला. त्यानं कोट काढून फांदीला टांगला. शेजारच्या बागवानाकडून डेग, तांदूळ, डाळ, कांदे मागून आणले. आवाज एकाएकी बदलला. "भिका, तीन दगड. मंगळू, तू बस. सलाउद्दीन, चौघं पाण्याला, चौघं सरपणाला." यात कुठे गंगा नव्हती, डोंगर नव्हता, अडखळणं नव्हतं. तांदूळ मापायला त्यानं भांडं घेतलं नाही, ओंजळीनं टाकले. पाऊण तासात खिचडी वाफाळली. आणि मग सवयीनं त्यानं पळी डेगेच्या काठावर वाजवली. दोन ठोके, जरा थांबून एक.

दगडावर बसलेले सुभेदारमेजर ताडकन उठले.

"ही पळी म्यां ऐकलीया," ते म्हणाले. "बसऱ्याच्या फुडं तीन दिस पोटात अन्न नव्हतं. चवथ्या दिशी धुक्यातनं हेच ठोकं आलं. तवा आमी जगलो. कुठल्या पलटणीत हुता तुमी? हुद्दा काय?"

साठ पोरं ऐकत होती. बहिरू पळीनं खिचडी ढवळू लागला. आता खोटं बोलायला त्याच्याकडे तोंड नव्हतं, आणि खरं सांगितल्यावर काय उरेल हे त्याला कळत नव्हतं.

"हुद्दा नाय, साहेब," तो म्हणाला. "लंगरी व्हतो. बंदूक कंदी धरली नाय. ह्या पोरास्नी मी फशिवलं."

वडावर कावळे ओरडत होते. बहिरू खाली मान घालून डेगेकडे बघत राहिला. त्याला रडू येत होतं आणि ते धुरामुळे नव्हतं.

मग सलाउद्दीनचा तो मागावर कमावलेला आवाज आला.

"पथक! लंगरीकडं वळ!"

साठ पोरं वळली. साठ हात कपाळाला गेले. बहिरूनं उत्तराला हात उचलला तो पळीसकटच, आणि खिचडी कपाळावर सांडली. सुभेदारमेजरही सलाम ठोकून उभे होते. सतरा वर्षांत बहिरूनं पुष्कळ सलाम घेतले होते, पण हा पहिलाच त्याचा स्वतःचा होता.

सुभेदारमेजरांनी शेरा लिहिला: 'पथकास वळता येत नाही, थांबता येत नाही. परंतु फुटत नाही. बारा जण घ्यावेत. कवायतीस दुसरा उस्ताद नेमावा. लंगरी बदलू नये.'

संध्याकाळी बहिरू घरी आला, ओट्यावर बसला आणि त्यानं कुसाबाईला सगळं सांगितलं. मी हवालदार नव्हतो, लंगरी होतो, आज साऱ्यांपुढं कबूल केलं.

कुसाबाई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

"मला लगीन झाल्यापासनं ठावं हाय. लढाईवरून आलेल्या माणसाला बायकोपरीस पातळ भाकर थापता येती व्हय?" मग तिनं सूप खाली ठेवलं आणि दाराकडे बघून आवाज उतरवला. "पोरास्नी सांगितलं ते बरं केलं. पर आडावर नका सांगू. मला अजून पाणी भराया जायचं हाय."