लोक तिच्यापाशी थांबायचे

ऑफिसात आलेलं माणूस उठायला लागलं की ती त्याच्या हातातली पिशवी काढून घ्यायची आणि आपल्या खुर्चीमागं ठेवून द्यायची. "जायलाव कुठं? बसा की." झालं. लग्नपत्रिकेचा मजकूर द्यायला आलेला माणूस तासभर बसायचा आणि स्वतःच्या लग्नात वरात कुठं अडली होती ते सांगून जायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून नोकरी करणं काय असतं, ते मात्र मला विचारा.

कर्नाटकातल्या आळंदमध्ये एका छापखान्याच्या वरच्या खोलीत आम्ही दोघी बसायचो. छापखान्याच्या मालकांना सगळे अप्पा म्हणत. तालुक्यातून पुण्याला, हैदराबादला पोटासाठी गेलेल्या लोकांसाठी त्यांनी एक मराठी वेबसाइट काढली होती. त्यात गावाकडच्या बातम्या, तुरीचा भाव, कुणाचं लग्न, कुणाचा दहावा. मी उदगीरला कॉम्प्युटर शिकून आलेली. साइट तयार केली ती मी. ती ठाणाकुशनूरची, मराठीत एम.ए., नवऱ्याच्या बदलीमुळं आळंदला आलेली. मजकूर लिहायला तिला ठेवलं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पण महिनाभरात अप्पांसकट सगळे तिला अक्का म्हणायला लागले. मला कुणी म्हटलं नाही. मी तिला मॅडम म्हणायचे.

अप्पांची एकच तक्रार असायची: लोक येतात, पण थांबत नाहीत. कोण किती वेळ थांबलं ते दिसण्याची सोय मीच करून दिली होती, तीच माझ्यावर उलटली. मग मी पळती अक्षरं टाकली, लुकलुकणारे दिवे टाकले, पान उघडताच सनई वाजेल अशी व्यवस्था केली. पुण्याच्या एका वाचकानं कळवलं की नेट कॅफेत सनई वाजली की सगळे त्याच्याकडं वळून बघतात, म्हणून त्यानं आमची साइट उघडणंच सोडलं.

तिनं असलं काही केलं नाही. ती पानाच्या शेवटी नुसतं विचारायची, "तुमच्याकडं कसं करतेत?" लोक इंग्रजी अक्षरांत मराठी लिहून पाठवायचे. ती ते सगळं देवनागरीत उतरवायची, आणि प्रत्येकाला खाली उत्तर द्यायची. एकदा कुणी म्हैस आजारी असल्याचं लिहिलं, तर पुढच्या वेळी आधी म्हशीची चौकशी. तुरीचा भाव बघायला आलेली माणसं तिच्या पानावर अर्धा अर्धा तास रेंगाळायची. अप्पा सकाळी वर येऊन आधी तिचं पान उघडायचे. माझ्या दिव्यांविषयी कुणी अवाक्षर काढायचं नाही.

शेवटी मीही एका पानाखाली प्रश्न टाकला, साइट कशी वाटते म्हणून. एकच उत्तर आलं: "अक्का रजेवर आहेत का?"

ते वाचून ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, "साइटीचं कामून इचारलाव? त्यांचं इचारा की." तिच्या या समजूतदारपणाचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

एकदा तिनं लिहिलं, लेकरू गाव सोडून निघालं की आया त्याच्या पिशवीत काय काय कोंबतात, त्याविषयी. उत्तरांचा पाऊस पडला. कडक भाकरी, शेंगाचटणी, अंगारा. एकाच्या आईनं तर नव्या खोलीला लागेल म्हणून घरचं कुलूप काढून दिलेलं. आणि त्यात एक नाव आमच्या खजुरीचं होतं. माझ्या थोरल्या भावाचं.

भाऊ पुण्यात कारखान्यात होता. आई गेली तेव्हा तो पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. त्यानंतर तो गावाकडं फिरकला नाही. फोन केला की म्हणायचा, "बरं हाय, ठेवतो." त्यानं इथं पानभर लिहिलं होतं. शेवटच्या खेपेला आईनं घरच्या तुरीची डाळ आपल्या जुन्या झंपरात बांधून दिली होती. आई गेल्यावर त्याला ती शिजवता आली नाही. गाठोडं अजून ट्रंकेत होतं.

माझी आई, माझा भाऊ, आणि मला हे चार अनोळखी माणसांसोबत कळत होतं. खाली तिचं उत्तर: "दादा, डाळीला कीड लागली असंल. ऊन दाखवलाव का?" त्याचं लगेच आलेलं: "न्हाई अक्का. सोडाया भ्या वाटतंय."

मी तिला सांगितलं, हा माझा भाऊ आहे. तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "तुमच्यापाशी बोलत न्हाई व्हय?" मी कॉम्प्युटरकडं तोंड फिरवलं.

पुढच्या महिन्यात तो आला. घरी नाही, थेट ऑफिसात, काखेत ते गाठोडं. दारातच त्यानं विचारलं, "अक्का कोन?" आणि मग त्याला मी दिसले. तो ओशाळला. ती उठून पुढं गेली. कुणाला दारातूनच परत पाठवताना मी तिला पहिल्यांदा पाहिलं.

"हितं बसू नका दादा. बहिणीला घेऊन घरी जावा. लई वाट बघायल्यात त्या."

मी वाट बघत होते, हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं.

खजुरीला माळवदावर आम्ही ते झंपर सोडलं. डाळीचा बराचसा भुगा झाला होता. चाळून, पाखडून ओंजळभर निघाली, तिचं वरण केलं. भाऊ जेवला आणि दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला. मधेमधे "अक्का म्हनल्या" असं येत राहिलं. भाऊ मला परत मिळाला, पण तो तिनं दिलेला. तिचे आभार मानायला माझी जीभ रेटली नाही.

पुढं सगळ्यांच्या हाती मोबाइल आले, लोक दुसरीकडं गप्पा मारायला लागले आणि अप्पांनी साइट बंद केली. तिला बीदरकडं शाळेत नोकरी लागली. निरोप द्यायला मी स्टँडवर गेले. ती चढली, खिडकीपाशी बसली, मला हात केला. शेजारी एक बाई येऊन बसली, रडून डोळे सुजलेली. हिनं तिला काहीतरी विचारलं. बाईनं पदरानं नाक पुसलं आणि सांगायला सुरुवात केली.

मी खिडकीखाली उभी होते. बस सुरू झाली, मागं आली, वळली. तिचं लक्ष त्या बाईकडं होतं. इतकी वर्षं मी तिच्या शेजारी बसले होते, आणि त्या घडीला मला त्या बाईची जागा हवी होती.