मानेवरचं फुलपाखरू

सगुणा माझ्याकडं पाठ करून उकिडवी बसली होती. तिच्या मानेवर, केसांच्या खाली जिथं कोडाचा पांढरा डाग आहे तिथं, एक फुलपाखरू बसलं होतं आणि सोंड लावून तिचा घाम पीत होतं. मला तिथंच हात लावायचा होता. तिथं नाही तर खांद्याला, पाठीला — कुठंही. मी हात पुढं केला आणि मागं घेतला. मग वर चढून गेले आणि लाल फडकं हलवलं. फडकं हललं म्हणजे खाली कुणी नाही. सुरुंग उडाला.

हे मी आजवर कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही — तो अंथरुणाला खिळला तेव्हाही नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं कारण शोधायला बसले तर मी पुन्हा खोटंच बोलेन.

शिरूरच्या बाजूला आमच्या माळावर दगडाची खाण आहे. वरच्या अंगाला अजून दगड निघतो, क्रशर चालतो. खालची जुनी खाण दगड संपल्यावर तशीच पडली होती. तिच्यात पाणी साठलं, रुई माजली, घाणेरी माजली आणि फुलपाखरं आली. मग पुण्याहून माणसं आली, त्यांनी मालकाला पटवलं, कुंपण झालं, पाटी लागली. वर सुरुंग आणि खाली फुलपाखरं. रविवारी गाड्या येतात. लोक म्हणतात, किती सुंदर! सुंदर कसलं? ती चिखलावर बसतात, शेणावर बसतात, मुतावर बसतात. त्यांच्यासाठी आम्ही केळी सडवतो. सडलेली केळी पसरायची आणि चिखल ओला ठेवायचा, हे सगुणाचं काम होतं. माझं काम फडक्याचं.

सुरुंगाचे दगड खालच्या खाणीपर्यंत उडतात, म्हणून आधी शिट्टी होते. पण खाणीत शिट्टीवर कुणी भरवसा ठेवत नाही. ज्यांनी क्रशरजवळ वर्षं काढली त्यांचे कान गेलेले असतात. सगुणाचे गेले होते; तोंडासमोर मोठ्यानं बोललं तरच तिला कळायचं. म्हणून आमच्या मुकादमानं, शब्बीरभाईनं, नियम घालून दिला होता — फडकेवालीनं खाली उतरून प्रत्येकाला हात लावायचा. त्या माणसानं मान वळवली की मगच पुढं. "हात लागल्याबिगर फडकं वर गेलं ना मावशी, तर पुढच्या सुरुंगावर तुम्हालाच बसवतो," असं तो हसत म्हणायचा.

मी सगळ्यांना हात लावायची. सगुणाला नाही. तिच्यासमोर जाऊन फडक्याचं टोक तिच्या तोंडापुढं हलवायची. तिला कळत नव्हतं का? "आले गं, नको शिवू," असं म्हणत ती उठायची. हसून म्हणायची.

मी धनगराच्या घरची. मेंढीच्या खरजेवर मी उघड्या हातानं तेल चोळलंय, जखमेतले किडे काढलेत आणि तोच हात पदराला पुसून भाकरी खाल्लीय. तेव्हा किळस आली नाही. मग एका बाईच्या मानेची कशी आली? कोड लागत नाही हे मला माहीत होतं. दवाखान्यातल्या बाईंनी गावात येऊन सांगितलं होतं. माहीत असून आली.

त्या दिवशी ती रुईच्या दाटीत, भिंतीकडं तोंड करून बसली होती. पुढं जायला वाट नव्हती. मी हाका मारल्या. खडा टाकला, तो चिखलात रुतला. मागून हात लावणं तेवढं उरलं होतं — आणि तिथं ते फुलपाखरू, चोखत बसलेलं. मी हात मागं घेतला. म्हटलं, बाकीच्या बाया वर निघाल्यात, हिला दिसतीलच. म्हटलं — काय म्हटलं ते जाऊ द्या. मी वर गेले.

दगड लहानच होता. तिच्या डाव्या डोळ्यावर बसला. वर आणली तेव्हा तोंडाला कुणाचा तरी टॉवेल बांधलेला, आणि अंगाला सडक्या केळ्यांचा वास. शब्बीरभाईनं सगळ्यांपुढं विचारलं, "मावशी, हात लावला व्हता का?"

"लावला की. दोनदा लावला. जा तू, आले, म्हणली."

जीभ अडखळलीसुद्धा नाही.  शब्बीरभाई म्हणाला, "म्हंजी बाईनंच ऐकलं न्हाई." चूक सगुणाची ठरली. डोळा गेला आणि काम पण गेलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी भित्री, मी खोटारडी, असं म्हणून मोकळी झाले असते. पण पुढचं ऐका.

दवाखान्यातून आल्यावर ती माझ्या दारात आली. डोळ्यावर पट्टी. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. मला वाटलं भांडायला आली. मी तयारीत होते.

"भागू, खरं सांग. तू मला हात लावला व्हतास?"

"लावला व्हता."

तिनं मान हलवली. "मला कळलंच न्हाई बघ. म्हंजी माझं कातडं मेलं. हे कोड न्हाई गं, महारोग हाय."

आलं का ध्यानात? तिनं माझ्यावर संशय घेतला नाही. स्वतःच्या कातडीवर घेतला.

"घरी सुई टोचून बघितली," ती म्हणाली. "टोचती की. मग तवा कसं कळलं न्हाई?"

इथं मला बोलता आलं असतं. ती होती, मी होते, तिसरं कुणी नव्हतं. मी म्हणाले, "कवा कळतं, कवा न्हाई. तसंच असतंय ते."

त्या रोगाबद्दल मला काय माहीत होतं? काही नाही. डॉक्टरनं पुन्हा तपासून सांगितलं की हे साधं कोड आहे. तिनं डॉक्टरचं ऐकलं नाही, सुईचं ऐकलं नाही. माझं ऐकलं.

तिला तेव्हा नुकतीच नात झाली होती. नातीला ती मांडीवर घेईना. पोर रांगत जवळ आली की ही उठून लांब जायची — मी डोळ्यांनी बघितलंय. ताट वेगळं केलं, तांब्या वेगळा केला, अंथरूण पडवीत नेलं. सुनेनं सांगितलं नव्हतं. सून रडायची. "आत्याबाई, डॉक्टर न्हाई म्हणत्यात की," म्हणायची. पोर हात पसरून रडायची आणि ही खांबाला पाठ लावून बघत बसायची, एका डोळ्यानं. मी त्यांच्याकडं चहा पिऊन घरी यायची आणि झोपायची. झोप लागायची. हेही सांगून ठेवते.

तिचं काम मला मिळालं. आता केळी मी सडवते. फुलपाखरं माझ्या हातावर बसतात. पाहुणी माणसं, "आजी, हलू नका," म्हणतात आणि फोटो काढतात. मी हलत नाही. त्यांचे पाय कळतात. सोंड टेकते तीसुद्धा कळते. मग तिच्या मानेवरचं तिला कळलं नसेल? कळलंच असणार. मग माझा एवढा राठ हात कळला नसता का — हा साधा विचार तिनं कसा केला नाही? कधी कधी मला तिचाच राग येतो. तिचा! बघा, कसलं मन आहे माझं. सडक्या केळ्यावर निदान पाखरं तरी बसतात.

सगुणाचा लेक रांजणगावच्या कंपनीत लागला तशी ती कारेगावला गेली. मागं यवतला एका लग्नात दिसली. मंडपाच्या कडेला, सगळ्यांपासून लांब खुर्ची ओढून बसली होती. नात शाळेत जायच्या वयाची झालेली, दुसऱ्या बायकांच्या मांड्यांवर लोळत होती. सगुणानं मला हात केला. मी जवळ गेले.

"लांब बस गं," ती म्हणाली. "नको शिवू."

हसून म्हणाली. मी लांब बसले.

आणि बाकीच्या बाया हिला दिसतील म्हटलं ना, तेही खोटं; त्या केव्हाच वर गेल्या होत्या. सुरुंग उडाला तेव्हा खालच्या खाणीत एकटी सगुणा होती.