बायडीच्या गाण्यातली जागा

रखमी आजी मुद्दाम बाजाराचा दिवस टाळून आली. बाजाराच्या दिवशी खोडाळ्यात माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, आणि तिला काहीतरी ऐकायचं होतं. सकाळचं धुकं अजून रस्त्यावरून उठलं नव्हतं. आधी तिच्या काठीचा आवाज आला, मग काठी दिसली, मग ती स्वतः आणि तिच्या मागून पाड्यावरची तरणी सपना. मी दुकानाच्या फळीवर बसून चहा घेत होतो.

रेडिओ, मोबाइल, मिक्सर, जे बिघडेल ते मी दुरुस्त करतो आणि करता करता गिऱ्हाइकावर खेकसतो. लोक म्हणतात, हेमंताच्या हाताला यश आहे, जिभेला नाही. म्हणोत. मला मुळात यंत्रांचं वेड नाहीच, आवाजांचं आहे. दुपारी दुकान रिकामं असलं की मी रेडिओचा काटा दोन स्टेशनांच्या मधे नेऊन ठेवतो आणि ती खरखर ऐकत बसतो. त्यात मला भाताची सळसळ ऐकू येते, लांबच्या कुठल्या तरी लग्नात तारपा वाजताना ऐकू येतो, कधी कधी मेलेली माणसंही कुजबुजतात. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, आधी घरचा पंखा दुरुस्त करा.

रखमीचा आवाज मी पोरसवदा होतो तेव्हापासून ऐकतोय. ती आणि बायडी आमच्याकडच्या धवलेऱ्या, म्हणजे लग्नात गाऊन लग्न लावणाऱ्या बायका. आत भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक, म्हणजे लग्नाचं चित्र, लिहिला जात असतो, आणि धवलेरी गात असते. या दोघी कायम जोडीने गायच्या. बायडी ओळ टाकायची, रखमी उचलायची. बायडी गाण्यात प्रश्न विचारायची, रखमी उत्तर द्यायची, आणि उत्तर पुरं होईतो बायडी डोळे मिटून थांबायची. माझ्या लग्नातही त्याच होत्या. नवरीकडे बघायचं सोडून मी त्यांनाच ऐकत होतो, त्याचे टोमणे मी आजही खातोय.

एरवी रखमी म्हणजे हाडाची काटक, बोलायला तुसडी बाई. पावसाळ्यात नागली आणि भात, कापणी झाली की वसईकडे वीटभट्टीवर. जन्मभर तिचं हेच चाललंय. भट्टीवरच्या बायका म्हणायच्या, रखमे, गा की. ती कधी गायली नाही. लग्नाचं गाणं लग्नाबाहेर काढायचं नाही, हा तिचा नेम. गुणगुणणंसुद्धा नाही. मला वाटतं, सहा-सात महिने ते गाणं तिच्या आत नुसतं झोपून असायचं.

आदल्या वर्षी बायडीच्या नातीचं, म्हणजे या सपनाचं, लग्न ठरलं होतं. बायडी रखमीला म्हणाली, औंदा भट्टीवर जाऊ नको. पण रखमीच्या लेकाच्या घरावरचं छप्पर वादळात उडालेलं, पैसा हवा होता, ती गेली. बायडी तिला वाटेला लावायला आली नाही. दोघींमधलं पहिलं भांडण ते आणि शेवटचंही तेच, कारण रखमी भट्टीवर असतानाच बायडी गेली. सपनाचं लग्न वर्षभर पुढे ढकललं. रखमी परत आली आणि तिने गाणंच सोडलं. दुसरी कोणी ओळ टाकायला पुढे आली तर ती उठून चालू लागायची.

त्या सकाळी तिने पदराची गाठ सोडली आणि बोटभर लांबीचं एक काळं यंत्र माझ्यासमोर ठेवलं. आवाज टिपायचा रेकॉर्डर होता. त्याच्या फटींमधून नागलीचे तांबडे दाणे गळले.

"हेमंता, यात बायडी हाय," ती म्हणाली. "काढ तिला."

सपनाने सगळं सांगितलं. ठाण्याची हर्षाली नावाची मुलगी गाणी गोळा करायला पाड्यावर आली होती, जाताना तिने हा रेकॉर्डर बायडीला देऊन टाकला. लाल बटण दाबलं की चालू, एवढं शिकवलं. पुढे बायडीचं दुखणं वाढलं, आणि एके दिवशी दार लावून तिने सपनाच्या लग्नाचं गाणं त्यात एकटीने म्हणून ठेवलं. लग्नाआधी वाजवू नका म्हणाली आणि यंत्र नेऊन ठेवलं कणगीत, बियाण्याच्या नागलीत.

"कणगीत?" माझं डोकंच फिरलं. "सेल आत ठेवून अख्खा पावसाळा नागलीत पुरून ठेवलंत? आता काय निघणार आहे त्यातून?"

"पुढच्या हंगामाचं कठं ठेवायचं मंग?" रखमी म्हणाली. "बी निघतं ना कणगीतून?"

मी मुकाट्याने मागचं झाकण सरकवलं. सेल फुटून पाझरले होते आणि स्प्रिंगवर पांढरी-हिरवी बुकणी धरली होती. सेल काढून टाकले, काडीला कापूस गुंडाळला, त्यावर लिंबू पिळलं आणि ती बुकणी हळूहळू पुसून घेतली. मग कोरड्या कापसाने पुसलं, जरासा पॉलिश कागद फिरवला आणि उन्हाचा एक तुकडा फळीवर आला होता त्यात ते वाळत ठेवलं. रखमी त्याच्याकडे असं बघत होती जसं कोणी आजाऱ्याच्या उशाशी बसून बघतं. धुक्यात कोणाची तरी बकरी ओरडली आणि गप्प झाली.

नवे सेल घातले. पडदा उजळला. सपना आनंदाने ओरडली, पण बटणं दाबून दाबून माझा अंगठा दुखला तरी काही होईना. मी यंत्राला दोन शिव्या हासडल्या. मग पडद्याच्या कोपऱ्यात एवढंसं कुलूप दिसलं. बाजूची खिट्टी सरकलेली, कणगीत ठेवताना सरकली असणार. ती खिट्टी लागली की सगळी बटणं मुकी होतात, आणि लोक चांगलं यंत्र मेलं समजून फेकून देतात. मी ती मागे सरकवली. पडद्यावर आवाजांचा पहिला कप्पा उघडला, तो रिकामा. दुसरा उघडला, त्यात एक गाणं होतं.

"सुरुवातच फक्त," रखमी म्हणाली. "बायडी हाय का नाय तेवढं ऐकव."

मी बटण दाबलं, आणि बायडी माझ्या दुकानात आली. तोच जाड, किंचित घोगरा आवाज.

"ढी कोण आणी गं, मेढी कोण आणी..."

मांडवाच्या मेढी, म्हणजे खांब, कोणी आणले, असा तो प्रश्न. रखमीची मान वर झाली. ओठ हलले. उत्तर तिच्या जिभेवर आलेलं मला दिसलं. पण तेवढ्यात बायडीने पुढचं विचारलं, "ळद कोण वाटी गं, हळद कोण वाटी..." आणि त्याला चिकटूनच, "लश कोण भरी..." प्रश्नांवर प्रश्न येत गेले. मधे श्वास घेण्यापुरतीही फट नव्हती. रखमीचं तोंड अर्धं उघडं ते तसंच राहिलं.

"बंद कर," ती म्हणाली.

मी बंद केलं.

"माजी जागाच ठेवली नाय तिनं." तिचा आवाज पार बारीक झाला होता. "मी गेली ना भट्टीवर. राग धरूनच गेली ती."

मला फार वाईट वाटलं. मग त्या तुटक्या 'ढी'ने माझ्या डोक्यात टिचकी मारली. मी यंत्राची सेटिंग उघडली, आणि सापडलं. आवाज असेल तेवढ्या वेळच चालायचं, शांतता झाली की आपोआप झोपायचं, अशी खूण लावलेली होती. जागा वाया जाऊ नये म्हणून बरेच जण ती लावतात.

"आजी, राग तिचा नाही, हे यंत्रच अर्धबहिरं आहे," मी म्हणालो. "गप्प बसलेलं याला टिपताच येत नाही. थांब, दाखवतो. काहीही बोल, मग गप्प राहा, मग परत बोल."

मी लाल बटण दाबलं. रखमी बाहेर धुक्याकडे बघत म्हणाली, "बायडी." मग गप्प राहिली. रस्ता, झाडं, समोरचं कौलारू घर, सगळं त्या पांढऱ्यात कुठे तरी तरंगत होतं. बराच वेळ गेला. "बायडी," ती परत म्हणाली.

मी वाजवून दाखवलं. "बायडी यडी." मधलं धुकं गायब, आणि दुसऱ्या हाकेचं पहिलं अक्षरही गिळलेलं. यंत्राला झोपेतून जागं व्हायला तेवढा वेळ लागतो. बायडी न थांबता गायली असती तर यंत्र झोपलंच नसतं आणि तिची अक्षरं तुटली नसती, हेही मी सांगितलं.

रखमीने सगळं ऐकून घेतलं. "मंग थांबली असल," ती म्हणाली. "दम घ्यायला. छाती भरलेली तिची. माज्यासाठी थांबली का दमासाठी, तुजं यंत्र सांगल काय?"

नाही सांगणार. मी म्हटलं, निदान शेवटपर्यंत तरी ऐक. तिने मान हलवली. लग्नाचं गाणं ते, पुरं ऐकायचं तर मांडवातच.

"म्हणजे मांडवात येशील?" सपनाने हळूच विचारलं. तिचा सगळा जीव त्या एका प्रश्नात होता. बायडी नाही, निदान तिचं गाणं तरी लग्नात असावं म्हणून तर ती म्हातारीला घेऊन पाड्यावरून चालत आली होती.

रखमीने फळीवरचं यंत्र उचललं. मग माझ्याकडे वळली. "ती थांबत नाय तर मी थांबवीन तिला. बटण दाखव."

मी दाखवलं. हे दाबलं की थांबतं, परत दाबलं की तिथूनच पुढे चालतं. आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र आहे त्याला मरेपर्यंत हात लावायचा नाही. त्यावर मी चिकटपट्टीच लावून टाकली. तिचा अंगठा विटा उचलून उचलून दगडासारखा झालेला, बटण त्याला लागायचंच नाही. तरी ती जाऊन-येऊन शिकली. गाण्यावर सराव करायचा नाही म्हणून आम्ही त्या "बायडी यडी"वरच करायचो. दोन हाकांच्या मधे बरोबर दाबायला ती अशी शिकली की मी तिच्यावर खेकसायचंच विसरलो.

फाल्गुनात लग्न झालं. मोहाची फुलं पडत होती आणि सगळा पाडा त्या वासाने गुंगला होता. आत भिंतीवर चौक लिहिणं सुरू झालं. आवाज घुमावा म्हणून मी रेकॉर्डर पितळी तांब्यात ठेवायचं सुचवलं, पण रखमीने तो तळहातावरच धरला. मला भीती वाटत होती, तिची नाही, त्या सेलची.

तिने बटण दाबता दाबता स्वतःच "मे" म्हटलं, आणि बायडीने पुढे म्हटलं, "ढी कोण आणी गं..." यंत्राने गिळलेलं अक्षर ती भरून देत होती. ओळ पुरी झाली, अंगठा पडला, आणि वर्षभर बंद असलेला रखमीचा गळा उघडला. "वारा आणी गं, रानीचा वारा आणी." पुन्हा अंगठा. "ह" रखमीचं, "ळद" बायडीचं. मी डोळे मिटले. आता मला कळेना की कोण हातावर आहे आणि कोण मांडवात. दोघी पूर्वीसारख्या शेजारी बसल्या आहेत, एवढंच कळत होतं. सपना हळदीच्या अंगाने रडत होती आणि हसतही होती.

शेवटचा प्रश्न आला, शेवटचं उत्तर गेलं. रखमीने गाणं संपलं म्हणून हात मांडीवर ठेवला, पण सवयीने अंगठा बटणावर दाबला गेला होता. यंत्र चालू झालं. त्यातून खोकल्याचा आवाज आला, आणि मग बायडी गात नव्हती, बोलत होती.

"खमे, तुज्या जागा सोडल्यात गं. आलीस की भरून घे."

रखमीने रेकॉर्डर दोन्ही हातांनी कानाजवळ नेला. आत आता काहीच नव्हतं, तरी ती ऐकत राहिली.

"भरल्या गं बाय," ती म्हणाली. "सगळ्या भरल्या."