सुईला जोडीनं

चंद्रामावशी कुणाच्याही घरात शिरली की पहिलं बाळाच्या डोळ्यातलं काजळ पुसायची. चपला काढायच्याही आधी. पिशवीतल्या डबीत उकळलेला कापूस असायचाच. "ह्यां काजळ कोणी घातल्यान गो?" म्हणायची आणि पुसून मोकळी. म्हाताऱ्या तिला काजळपुशी म्हणायच्या. मालवणकडची, नवरा लवकर गेलेला, परळच्या प्रसूतिगृहात नर्स होती, आणि बाळंतिणींना बघायला आमच्या लालबागच्या चाळीत चार जिने चढून यायची.

माझा बाबू घरीच झाला, सुईणीच्या हातून. तिसऱ्या दिवशी त्याचे डोळे सुजले, चिकटले, पिवळा पू यायला लागला. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली, अंगावरचं दूध घाल. घातलं. मग चाळीतल्या बायकांना दिसू नये म्हणून त्यांनी वरून काजळ फासलं आणि मी धरून बसले त्याला, मीच धरलं. दोन दिवस गेले तसेच. मावशी शेजारणीकडे आली होती, रडणं ऐकून आत आली, काजळ पुसलं आणि पापणी उघडली तर पू भसकन बाहेर आला.

सासूबाईंना पाणी तापवायला पाठवलं आणि माझ्या कानात म्हणाली, "तुज्या घोवाक लघवी करताना जळजळता काय?"

म्हटलं, हो, उन्हाळी लागते ना, गिरणीत उष्णता फार, मी धण्या-जिऱ्याचं पाणी देते रोज.

"ती उन्हाळी न्हय गो बाय. परमो तो, बायलांकडसून लागता तो रोग. भायरसून आणल्यान, तुका दिल्यान, आणि जन्मताना ह्येच्या डोळ्यांत गेलो."

मला काही झालंय हे मला माहीतच नव्हतं. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. त्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी बंद होता, ट्राम नाही, काही नाही, रस्त्यावर नुसते दगड आणि पोलीस. मावशीनं बाबूला पदराखाली घेतलं आणि पायी निघाली, मी ओली बाळंतीण तिच्या मागं. पोलीस आडवा आला तर म्हणाली, "ह्या पोराचे डोळे जातत, बाजूक हो." झाला बाजूला. इस्पितळात पेनिसिलीन घातलं, सारखं सारखं घालत होते. उजवा डोळा वाचला. डाव्यात फूल पडलं, त्यानं त्याला दिसत नाही.

मला सुया दिल्या. पण मावशीचं एकच म्हणणं, एकट्या बायकोला देऊन उपयोग नाही, पुन्हा तेच येणार. "सत्यनारायणाक जोडयेन बसतास मा? मगे सुयेक जोडयेन येवक काय जाता?" हे काही येईनात. आज सभा, उद्या मोर्चा. शेवटी एका रविवारी तीच सुई घेऊन घरी आली, तर हे जे संडासात जाऊन बसले ते बसलेच. मावशी बाहेर बादली उलटी करून तिच्यावर बसली. डबे घेऊन माणसं उभी.

"किती येळ बसतलस रे? मोर्च्याक छाती काडून जातस आणि सुयेक भियतस?"

कुणीतरी विचारलं, कसली सुई? मावशी हसत म्हणाली, "देवी टोचूक भियता हो!" सगळी चाळ हसली. हे बाहेर आले, खालमानेनं म्हणाले, घेतली मी, बाहेर डॉक्टरकडे. मावशी हळू आवाजात म्हणाली, "मगे कागद दाखय." कागद नव्हता. मी बादली उचलून घरात नेली.

पुढं मावशीच्या छातीत दुखायला लागलं आणि ती गावी गेली. भाऊच्या धक्क्यावर बोटीत चढताना तिनं बाबूची हनुवटी धरली, सवयीनं कापूस काढला, पण काजळ नव्हतंच. डाव्या डोळ्याकडे बघत राहिली. कापसाची डबी माझ्या हातात दिली. "दुसऱ्या येळाक घरात बाळंत होव नको. जन्मल्याबरोबर डोळ्यांत औषध घालूक सांग. आणि घोवाक सुयेक घेऊन जा." चार महिन्यांत ती गेल्याचं पत्र आलं.

आता मला सातवा आहे. बाळंतपण गावाला करायचं, सासूबाईंनी ठरवून टाकलंय. आणि काल ह्यांनी पुन्हा धण्या-जिऱ्याचं पाणी मागितलं.

मी धणे हातात घेतले आणि पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, "अहो, जोडीनं जाऊया का?"

त्यांनी सदरा घातला. "सभेला उशीर होतोय," म्हणाले. जिन्यावर पावलं वाजली, चार जिने, मग नाही. हातातले धणे मी तांब्यात टाकले, वर पाणी ओतलं आणि झाकण ठेवलं.